बँडमास्तरांची विजार

८ जानेवारी

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनातच समज, कारण परवा चादरींचं गाठोडं उचलताना कंबर धरली आहे.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण एका गोष्टीबद्दल तुला विचारावं की नाही हेच ठरत नव्हतं. पुढच्या महिन्यात इथे आफ्रिकेतल्या आजच्या कलाकारांचा मोठा महोत्सव भरणार आहे. एखाद्या सभागृहात नाही, शहरभर. पोस्टात, पोहण्याच्या तलावात, दंतवैद्याच्या दवाखान्यात, बस डेपोत, जागा मिळेल तिथे कलाकृती मांडणार आहेत. आणि ताई, त्यांनी आमची लाँड्रीही निवडली. आयोजक बाई स्वतः आल्या, वाफेत उभ्या राहिल्या, चष्मा पुसून छताकडे बघितलं आणि म्हणाल्या की हीच जागा. ह्यांना वाटलं, बाईंना गळती दिसली.

घानाहून एक कलाकार येणार आहेत. धुवायला टाकून परत न नेलेल्या कपड्यांचं एक प्रचंड कापड त्या शिवतात. असे कपडे आमच्या मागच्या खोलीत किती आहेत ते तू पाहिलंच आहेस. प्रश्न असा, की ते द्यायचा मला हक्क आहे का? सासूबाईंची पद्धत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक फार दिवस फिरकलं नाही की आई निरोप धाडतात. येतो म्हणालं, तर कमरेच्या पट्टीला आतून लाल दोऱ्याचे टाके घालतात. नको म्हणालं किंवा शहर सोडून गेलं, तर पिवळ्या दोऱ्याचे. लाल टाक्यांच्या कपड्याला कितीही वर्षं झाली तरी हात लावायचा नाही. या दुकानातून आजवर एकही कपडा हरवलेला नाही, हे आई नवीन माणसाला 'या, बसा'च्या आधी सांगतात.

तेव्हा फक्त पिवळे द्यायचे असं ठरलं. तरी मला चैन नाही. 'नको' म्हणणं आणि 'खुशाल द्या' म्हणणं एकच का? हे म्हणाले की विजारीला मालकाचं काही वाटत नाही, मालकाला विजारीचं काही वाटत नाही, मग मधल्यामध्ये तुलाच का वाटावं.

आणखी एक. आफ्रिकेतली कलाकार म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय आलं ते मी प्रामाणिकपणे डायरीत लिहिलं आणि वाचून मान खाली गेली. मण्यांच्या माळा, ढोल आणि एक जिराफ. मी पदवीधर बाई, वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचते, आणि माझ्या डोक्यात जिराफ.

तुझं मत कळव. लोभ आहे तेवढा असू दे. वाढवणार असलीस तर माझी हरकत नाही.

तुझी,
धाकटी

१५ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. त्यातला एक आशीर्वाद कमरेसाठी वेगळा काढून ठेव.

तू लहानपणी मुंगीला वाट विचारून पाय टाकायचीस, त्यात काडीचा फरक पडलेला नाही. देऊन टाक म्हणते मी. लोक ज्याची आठवणही काढत नाहीत ते तू सांभाळणार, त्याला वाळवी लागली की वाळवीचीही परवानगी घेणार.

आता माझं काम. तुझ्या भाऊजींचा चौकड्यांचा कोट तुमच्या मागच्या खोलीत आहे. मी तो धुवायला म्हणून आणला आणि मुद्दाम विसरले. ते तो घालून निघाले की बुद्धिबळाचा पट फिरायला निघाल्यासारखं दिसायचं. त्यांची समजूत आहे की कोट प्रवासात हरवला, आणि त्या समजुतीवर आमचा संसार सुखात चालला आहे. त्याला पिवळे टाके घालून घे आणि त्या बाईंना दे. कलेसाठी एवढा त्याग करायला मी तयार आहे. आतलं अस्तर फाटलं होतं तेव्हा मी आमच्या बैठकीच्या जुन्या पडद्याचा तुकडा लावला होता, पण अस्तर कोण बघतंय.

यात तुझ्या सदसद्विवेकाला काही आडवं आलं, तर त्याला सांग की ताईनं परवानगी दिली आहे.

जिराफ आला तर ठेवून घे. उंच मांडणीवरची पुडकी काढायला बरा पडेल. ह्यांचे नमस्कार. लोभ आहे, पण तो अशा बारीकसारीक शंकांवर खर्च करू नकोस.

तुझी,
ताई

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझा कोट दिला. डायरीत मात्र सगळं खरं लिहून ठेवलं आहे, हे तुला माहीत असावं.

पाहुणी आली. राखाडी रेनकोट, ताठ कणा, नाकावर घसरणारा चष्मा, आणि हातात स्वतःचं शिलाई मशीन, जे तिनं म्हणे विमानात मांडीवर धरून आणलं. दुकानात पाय ठेवल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो साबणाबद्दल. तिच्या आईची तिच्या शहरात लाँड्री होती आणि ती इस्त्रीच्या टेबलाखाली वाढली. ह्यांनी इस्त्री केलेली बाही तिनं उजेडात धरली आणि फार सौम्यपणे म्हणाली की त्यांच्याकडे शिकाऊ माणसाची घडी अशी असते. हे घुश्शातच जेवले. आता दोघांची गट्टी जमली आहे. स्टार्च पातळ की घट्ट यावर ते अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हातवाऱ्यांत भांडतात, आणि मध्ये कुणी बोललं तर दोघं मिळून त्याच्यावर उखडतात.

महोत्सव बघायला आम्ही पाळीपाळीनं जातो. तलावाच्या तळाशी केनियाच्या एकानं शाळेचे बाक ठेवले आहेत. बुडी मारायची आणि बाकावर जाऊन बसायचं. मी बसले. गृहपाठ राहिला आहे असं वाटलं आणि वर आले. दंतवैद्याकडे मोझांबिकच्या एका कलाकाराची फिल्म लावली आहे. त्यात एक बाई रांगेत उभी आहे आणि रांग हलत नाही, एवढंच. पण आत बोलावलं तरी पेशंट उठत नाहीत, म्हणतात की आधी तिचा नंबर लागू दे. डॉक्टर रडकुंडीला आले आहेत.

आमच्याकडचं कापड आता छतापासून जमिनीपर्यंत आलं आहे. ती सगळे कपडे उलटे करून शिवते. बाहेरची बाजू जगानं पाहिलेलीच असते, आतली बाजू कपडा एकटा सांभाळतो, असं तिचं म्हणणं. त्यामुळे खिसे बाहेर लोंबतात, अस्तरं, ठिगळं, आईंचे टाके, सगळं चव्हाट्यावर. तिनं त्याला नाव दिलंय 'येतो म्हणाले होते'. आईंना ते पटलं नाही. पिवळेवाले कुठे येतो म्हणाले होते, ते तर नको म्हणाले होते, तेव्हा नाव चुकलंय, असं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. पाहुणीनं आईंचा हात हातात घेतला आणि नाव तेच ठेवलं.

काल वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढून गेला. तू उलटी बाजू धरून विचार केला नव्हतास, ताई. मी केला, पण तेव्हा कोट शिवून झाला होता.

लोभाची चौकशी पुढच्या पत्रात करते.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. घाईत आहे.

तुझ्या भाऊजींनी सकाळी पेपर उघडला आणि म्हणाले की हा आपला पडदा. मी म्हटलं, असे पडदे पुष्कळांकडे होते. ते भिंग घेऊन आले. म्हणाले की पुष्कळांच्या पडद्यावर सुपारीएवढा इस्त्रीचा डाग नव्हता. मग हळूच म्हणाले की पडद्याच्या पाठीमागे माझा कोट असणार.

मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. घड्या घातलेल्याच होत्या, त्या मोडून पुन्हा घातल्या. शेवटी म्हटलं की त्या कोटात कला आहे हे मला आधीपासून जाणवत होतं. धाकटे, त्यांनी विश्वास ठेवला. आता कार्यालयात, जिन्यात, दूध घालणाऱ्यापाशी, सगळीकडे सांगत सुटले आहेत की आपला कोट आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात लागला आहे. तो बघायला ते शनिवारी तुमच्याकडे येतील. मला गुडघ्यामुळे जमणार नाही आणि गुडघा नसता तरी मी आले नसते. जाताना टोपीही घेऊन जाऊ का, बाईंना उपयोगी पडेल, असं विचारत होते. टोपी मी लपवली आहे.

तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आज साष्टांग खरोखरच घातला आहे, दुकानाच्या फरशीवर, आणि उठावंसं वाटत नाही.

दुकानातला एक कपडा हरवला. म्हणजे तो समोर भिंतीवर आहे, सगळं शहर तो बघायला येतंय, पण ज्याचा आहे त्याला देता येत नाही. हरवणं म्हणजे आणखी काय असतं?

अग्निशमन दलाच्या बँडचे मास्तर तुला आठवत असतील, ते मिशांचे. नवे साहेब आले, त्यांनी बँड बंद करून लाउडस्पीकर घेतला. मास्तर घरी बसले. त्यांनी गणवेशाची लाल पट्ट्याची विजार आमच्याकडे टाकली आणि आईंना सांगितलं की हे लोक ज्या दिवशी मला बोलवायला येतील त्या दिवशी हीच घालून जाईन, तोवर तुम्ही सांभाळा. आईंनी शब्द दिला. आता महोत्सवाच्या समारोपाच्या मिरवणुकीसाठी अंगोलाच्या एका संगीतकारानं बँडची रचना केली आहे आणि त्याला लाउडस्पीकर चालत नाही. साहेबांना मास्तरांच्या दारात जावं लागलं. मास्तरांनी त्यांना पायपुसण्यावर उभं ठेवून सगळं पुन्हा एकदा मोठ्यानं सांगायला लावलं, शेजाऱ्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं म्हणून.

आज सकाळी बूट चमकवून ते विजार न्यायला आले. आई मागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. तोवर मास्तर पाहुणीचं कापड बघत उभे होते. म्हणाले की बाईंचं काम छान आहे, तो मधला लांब खिसा तर थेट माझ्या छडीच्या खिशासारखा दिसतो. आणि बोलता बोलता थांबले. छडी ठेवायला लांब खिसा या शहरात एकाच विजारीला आहे.

टाके पिवळे होते. मग आईंना आठवलं. त्या हिवाळ्यात लाल रीळ संपलं होतं आणि येतो म्हणणारे फार झाले होते, म्हणून तेवढ्या हिवाळ्यापुरती त्यांनी उलटापालट केली. येणाऱ्याला पिवळा, नको म्हणणाऱ्याला दुसरा जो हाताशी असेल तो. ह्यांना सांगितलं होतं म्हणे. हे म्हणतात की आई काहीतरी बोलल्या होत्या खरं, पण तेव्हा आपलं डोकं बॉयलरमध्ये होतं.

मास्तर चिडले असते तर बरं झालं असतं. ते आईंना एवढंच म्हणाले की बाई, मी तुमच्या शब्दावर थांबलो होतो. आणि टोपी घालून गेले. त्या विजारीशिवाय ते मिरवणुकीत उभे राहणार नाहीत.

हे म्हणतात की हुबेहूब दुसरी शिवू. पण विजार घालून खोटं बोलता येतं का, आणि येत असेल तर ते मास्तरांच्या नकळत त्यांच्याच पायांनी? पाहुणीला सांगायचं मला धाडस होत नाही. ती विजार बरोबर मध्यावर आहे, तिच्या कमरेवर बाकी सगळं तोललेलं आहे. काढली तर अख्खं कापड कोसळेल. दिलं मी, आता उसव म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? माझीच चूक. काय करू ते कळव.

तुझी,
धाकटी

१६ फेब्रुवारी

चि. सौ. मोठीस,

अनेक आशीर्वाद. सुनेच्या माहेरच्यांना मी सहसा लिहीत नाही, पण आता लिहिणं भाग आहे. तू तुझ्या बहिणीला खडसावून पत्र लिही. स्टार्चच्या बादलीत बघून उसासे टाकते, माझी चूक माझी चूक म्हणते. चूक माझी आहे आणि ती मला माझी म्हणू देत नाही. दोघींना पुरेल एवढी मोठी आहे, पण ऐकेल तर.

पाहुणीला मीच सांगितलं. तुझी बहीण दाराशी उभी राहून वाक्य जुळवत होती. पाहुणीनं ऐकलं आणि सरळ कात्री उचलली. तिच्या आईच्या दुकानात म्हणे आधी गिऱ्हाइकाचा कपडा, मग देव, मग नवरा. मला मुलगी आवडली. ती कात्री लावणार तेवढ्यात तुझी बहीण मध्ये पडली, की विजार मास्तरांची आहे, त्यांना न विचारता तिला कात्री कशी लावायची. झालं. गेलो विचारायला. मास्तर दार उघडेनात. खिडकीतून म्हणाले की कात्री लागलेली विजार मी घालणार नाही. अख्खी असेल तर आणा, नाहीतर येऊ नका.

पाहुणीनं ते शब्द पुन्हा एकदा नीट समजावून घेतले. म्हणाली, अख्खी म्हणाले ना? मग ठीक. आल्यापासून ती फूटपट्टी घेऊन दुकानाचं दार मोजते आहे आणि माझा मुलगा तिला दुसरं टोक धरून मदत करतो आहे. मला विचारशील तर दोघांच्या डोक्यात वाफ गेली आहे.

तुझे यजमान सुखरूप पोचले. कोटाखाली खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पडद्याचा इतिहास सांगतात. काल एक बाई त्यांनाच कलाकार समजून सही मागत होती. त्यांनी दिली.

गुडघ्याला जप. मागे ठेवलेला लोभ शाबूत आहे, काळजी नसावी.

आई

२ मार्च

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. भाऊजी उद्या घरी पोचतील, पण ते तुला फक्त कोटाबद्दल सांगतील. म्हणून बाकीचं मी लिहिते.

पाहुणीचा हिशेब सरळ होता. विजार कापडातून निघत नसेल, तर कापड विजारीबरोबर जाईल. समारोपाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळं कापड उतरवलं, गुंडाळलं, दुकानाचं दार बिजागरीतून काढलं आणि रस्त्यानं खांद्यावर घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. मास्तर खिडकीत आले. अख्खी आणलीय, असं पाहुणीनं मला सांगायला लावलं. एकही टाका तोडलेला नाही. फक्त मागच्या पट्टीला थोडं जास्तीचं जोडलेलं आहे.

मास्तरांनी दार उघडलं. ते जास्तीचं फाटकाबाहेर कोपऱ्यापर्यंत गेलं होतं. त्यांनी ते सगळं टोकापर्यंत चालत जाऊन पाहिलं, परत आले आणि विचारलं की हे सगळे कोणाचे. आई म्हणाल्या, न आलेल्यांचे. मास्तर मिशी चावत उभे राहिले आणि मग आत जाऊन बूट घेऊन आले.

घालताना अडचणी निघाल्या. विजार उलटी आहे आणि उलटीच राहणार, कारण बाकी सगळं तिला त्याच बाजूनं शिवलं आहे. शिवाय मास्तरांचं पोट मधल्या काळात स्वस्थ बसलेलं नाही. ह्यांनी चड्डीतल्या मास्तरांपुढे गुडघ्यावर बसून त्यांच्याच सांगण्यावरून, कात्री न लावता पुढची शिवण सैल केली, खांद्यांवरून पट्टे लावले, आणि मागचं वजन तोलायला अग्निशमन दलाचे दोन जवान दोन्ही बाजूंना दिले. साहेब आले तेव्हा त्यांनी घसा साफ करून विचारलं की गणवेशाचा लाल पट्टा दिसत नाही. मास्तर म्हणाले की पट्टा आत आहे, मला लागतोय.

मिरवणूक निघाली. पुढे उलट्या विजारीत मास्तर, खिसे हलताहेत, हातात छडी, मागे बँड, आणि दोहोंच्या मध्ये अख्ख्या रस्त्याच्या रुंदीचं ते कापड. आपापले कपडे ओळखून लोक आत शिरायला लागले. एका जाड्या गृहस्थांनी स्वतःचा सडपातळ सदरा ओळखला आणि त्याची बाही धरून मान खाली घालून चालले. भाऊजींनी अर्थात कोट धरला होता. बँड इतकं छान वाजवत होता की मी रडले, आणि मग बघितलं तर आईही.

ठरल्याप्रमाणे पोस्टापाशी डावीकडे वळायचं होतं. तिथे कळलं की मास्तरांना वळताच येत नाही. एवढं कापड वळायला गल्ली पुरत नाही. ते थांबले असते तर मागचा बँड कापडावर चढला असता, म्हणून ते सरळ गेले. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत पुढे धावले. मिरवणूक दवाखान्यावरून गेली तेव्हा पेशंट पहिल्यांदा खुर्चीतून उठले. तलावावरून गेली तेव्हा ओले लोक त्यात मिसळले. बस डेपोच्या वर्तुळापर्यंत कुठे वळायला जागा नव्हती आणि तिथे बसगाड्या बाजूला काढून मास्तरांनी इतकं सावकाश, इतक्या डौलात वळण घेतलं की संगीतकारानं आपल्या रचनेत ते कायमचं लिहून घेतलं. साहेब सगळा वेळ शेपटाशी, कुणाच्यातरी पेटीकोटाची नाडी धरून चालत होते. सोडली तर कापड चिखलात गेलं असतं.

दुकानापाशी आलो. मास्तर आत मावत नव्हते, म्हणून आईंनी रस्त्यातच चादर धरली आणि ते तिच्याआड विजारीतून बाहेर आले. मग मी माझा प्रश्न विचारलाच, की आता कपडा परत दिला असं म्हणायचं की नाही. आई म्हणाल्या की गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय आत गेले, परत दिला.

पण पाहुणीच्या कापडाला पुढच्या शहराचं आमंत्रण आहे आणि विजार आता पुन्हा मास्तरांची झालेली. मी चादरीआडूनच त्यांना विचारलं, नेऊ द्याल का. ते म्हणाले, न्या. मी म्हटलं, मनापासून ना, म्हणजे नंतर कधी वाईट वाटणार असेल तर आत्ताच सांगितलेलं बरं, शिवाय घरी गेल्यावर वेगळं वाटू शकतं. मास्तर म्हणाले की बाई, ही घालून मी साहेबांच्या पुढून चाललोय, आता तिच्याकडे माझं काही काम उरलेलं नाही. घेताय, का पुन्हा घालू?

मी घेतली. पुन्हा विचारलं नाही, ताई. आई साक्षीला आहेत.

भाऊजींच्या हातून टोपी पाठवली नाहीस ते बरं केलंस. लोभ असावा, अशी विनंती आज करत नाही. आहे असं धरून चालते.

तुझी,
धाकटी